मधाचे आकडे छापता, मजा पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात वर्षातून दोनतीनदा तरी ती बातमी येतेच, "मधमाशीपालनातून लाखोंचं उत्पन्न", सोबत जाळीची टोपी घातलेला माणूस हातात चौकट धरून उभा. बातमी खोटी असते असं नाही म्हणत मी. पण ती वाचून आमच्याकडे काय होतं ते पण ऐका. एखादा मुलगा उत्साहात एकदम दहा पेट्या घेतो, ट्रेनिंग होतं, फोटो होतात, स्टेटसला पडतात, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर निम्म्या पेट्या रिकाम्या, दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्यात कोंबड्या अंडी घालतात. मग तो सगळ्यांना सांगत फिरतो की कोकणात काय मधमाशी जमत नाही. अहो जमते की! फक्त धंदा म्हणून सुरुवात केली की माणूस पहिल्या दिवसापासून किलो मोजायला लागतो आणि माशीकडे बघायचंच राहून जातं. माझं म्हणणं एवढंच की ज्याला परडं आहे त्याने एखाददुसरी पेटी हौस म्हणून ठेवावी, मजेसाठी, आणि तुम्ही त्या मजेवर पण कधीतरी दोन कॉलम छापावेत.

आम्ही गुहागरकडचे, घरामागे नारळ-सुपारीचं छोटंसं आगर, वर कातळाच्या बाजूला थोडे काजू, आंब्याची चार कलमं. माझ्या पेट्या आगराच्या कडेला आहेत, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशा. माशी आपली गावठी सातेरी. ही बाहेरून आणलेली नाही हो, इथलीच आहे, झाडाच्या ढोलीत, वारुळात, जांभ्याच्या जुन्या गडग्यात हिचीच पोळी असतात. पेटीत आणताना जाणकार माणूस हलक्या हाताने पोळी कापून चौकटीत केळीच्या सोपटाने बांधतो, राणी आत गेली की बाकीच्या आपोआप तिच्यामागे जातात, आणि काही दिवसांत माश्या पोळं चौकटीला मेणाने चिकटवून टाकतात आणि ते सोपट कुरतडून बाहेर काढून टाकतात. दाराखाली ते धागे पडलेले दिसले की समजायचं, आता या इथे राहणार.

लोकांना वाटतं मजा मध काढण्यात आहे. मध काढणं वर्षातून फार तर दोनतीन वेळा होतं. रोजची मजा असते ती पेटीच्या दाराशी. संध्याकाळी चहाचा कप घेऊन बाजूला बसायचं (समोर नाही, समोर बसलं की त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत येतो आपण). कुणाच्या पायाला पिवळे गोळे, कुणाच्या पांढरट, कुणाच्या भगवे, म्हणजे कुठली कुठली फुलं चालू आहेत ते घरबसल्या कळतं. उकाडा असला की दाराशी काहीजणी ओळीने उभ्या राहून नुसत्या पंख मारत असतात, आतली हवा खेळती ठेवायला. सातेरी हे करताना तोंड बाहेरच्या बाजूला करून उभी राहते आणि ती युरोपियन मेलिफेरा तोंड आत करून, हे मला वाचून कळलं होतं पण आपल्या दाराशी बघितल्यावर जे हसू आलं ना! फुलं भरात असली की रात्री पेटीजवळ नुसतं उभं राहिलं तरी वास येतो, कारण फुलातला रस म्हणजे बराचसा पाणीच, तो आणला की रात्रभर पंख्याने पाणी उडवत बसतात, तेव्हा कुठे त्याचा मध होतो.

आणि गांधीलमाशी आली की बघा. एक गांधील दाराशी घिरट्या घालायला लागली की सगळ्या पहारेकरणी एकदम अंग हलवतात, लाट गेल्यासारखी, म्हणजे तुला बघितलंय आम्ही, निघ. तरी ती अंगावर आलीच तर तिला मधे धरून माश्यांचा गोळा होतो आणि डंख न मारता नुसत्या अंगाच्या उष्णतेने तिला मारतात, आत जवळजवळ ४५-४६ अंशापर्यंत तापतं, गांधील तेवढं सोसू शकत नाही आणि सातेरी थोडं जास्त सोसते. एवढ्याशा फरकावर लढाई जिंकतात. आमचे हे एरवी टीव्हीसमोरून उठत नाहीत पण गोळा झाला म्हटलं की चप्पल न घालता धावतात.

पेटी उघडली की आणखी वेगळंच जग. त्या चौकटी सहज बाहेर येतात त्याचं श्रेय लँगस्ट्रॉथ नावाच्या एका अमेरिकन पाद्र्याला, १८५१ साली त्याच्या लक्षात आलं की ठराविक रुंदीची फट ठेवली तर माश्या ती बुजवत नाहीत, जाण्यायेण्याला मोकळी ठेवतात. त्याआधी मध काढायचा म्हणजे घरटं मोडायचं. आपल्याकडे दक्षिणेत फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मापाची लहान पेटी बनवली, तीसुद्धा शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. खाली पिलावा (अंडी-पिल्लांचा मजला), वर मधाचा मजला, एवढाच हिशोब. गेल्या सुट्टीत पुतण्या आलेला, त्याला चौकट उचलून दाखवली तर त्यावर एक माशी नाचत होती, पोट थरथरवत थोडं सरळ जायचं, वळून परत मागे, पुन्हा तेच. पोळ्यावर सरळ वर नाचली तर फुलं सूर्याच्या दिशेला, तिरकी नाचली तर सूर्यापासून तेवढ्याच कोनात बाजूला, आणि थरथर जितकी लांब तितकं अंतर लांब. हे कार्ल फॉन फ्रिशने शोधून काढलं, १९७३ चं नोबेल त्यालाच (तिघांना मिळून होतं). पुतण्या म्हणाला काकी आपण जाऊन बघूया का? गेलो की! गडगा ओलांडून वरच्या अंगाला, आणि तिथे उक्षी अशी फुललेली की पान दिसत नव्हतं. त्याच माश्या होत्या का हे कोण सांगणार, पण पोराने त्या दिवशी मोबाईल मागितला नाही.

आता मधाचं. आमच्याकडे खरा हंगाम शिमग्याच्या आगेमागे सुरू होतो, अंजनी, उक्षी, मग जांभूळ, मग हिरडा, आणि माडाची पोय (फुलोरा) तर वर्षभर चालूच. म्हणून दर वेळचा मध वेगळा, सुरुवातीचा फिकट, जांभळाचा काळपट आणि शेवटाला जरासा कडसर. ज्यांना दुकानातल्या एकसारख्या सोनेरी मधाची सवय आहे ते जांभळाचा मध चाखून तोंड वाकडं करतात, त्यांनी करावं, आमचा तेवढाच वाचतो. गरम घावन्यावर घालून खाऊन बघा एकदा. पण घाई करायची नाही, माश्यांनी घरांना मेणाचं झाकण लावल्याशिवाय चौकट काढायची नाही, आपल्याकडची हवा एवढी दमट की कच्चा मध काढला तर तो बाटलीत आंबतो आणि झाकण उडतं. झाकण लावलेली चौकट घेतली, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून तो मेणाचा पापुद्रा उतरवला, यंत्रात घालून फिरवली की मध भिंतीवर उडतो आणि पोळं जसंच्या तसं माश्यांना परत. रानातली पोळी पिळून मध काढतात त्यात पिल्लं पण पिळली जातात, मला ते बघवत नाही. सातेरीच्या एका पेटीचे वर्षाला पाचसहा किलो मिळाले तर खूप झालं म्हणायचं, मेलिफेरा कितीतरी जास्त देते पण तिला फुलांच्या मागे ट्रकने गावोगाव फिरवावं लागतं, ते घरगुती माणसाचं काम नाही.

आणि खालच्या मजल्यावरच्या मधाला हात लावायचा नाही! तो त्यांचा पावसाळ्याचा शिधा. जून ते सप्टेंबर कोकणात जो पाऊस पडतो त्यात माशी बाहेर पडणार कधी आणि आणणार काय, सर थांबली की पोयीवर जाऊन येते तेवढंच. त्या दिवसांत साखरपाण्याचा पाक द्यावा लागतो, तोही संध्याकाळी आणि आत ठेवून, नाहीतर शेजारच्या पेटीतल्या लुटायला येतात. वर झापांचं किंवा पत्र्याचं छप्पर, पायांखाली पाण्याच्या वाट्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत, आणि मेणकिडा (पोळं खाणारी अळी) झालाय का यावर नजर. दहा पेट्यावाला मुलगा इथेच मार खातो. सगळं लक्ष एप्रिल-मेवर, जुलैमध्ये पेटी उघडून बघायला कोणी नाही.

मे महिन्यात चाकरमानी आले की बाटल्या संपतात. मग जूनमध्ये मुंबईहून फोन, "वैनी, खाली साखर बसली हो, भेसळ तर नाही ना?" अहो फ्रिजमध्ये ठेवलात, मधातलं ग्लुकोज थंडीत गोठतं, बाटली कोमट पाण्यात ठेवा, विरघळेल. आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे प्रयोग, पाण्यात थेंब टाका, काडी पेटवून बघा, कुत्रं खातं का बघा, त्यातल्या कशानेही हल्लीची भेसळ कळत नाही. २०२० साली दिल्लीच्या सीएसई या संस्थेने बाजारातला नावाजलेला मध तपासायला दिला तेव्हा बरेच नमुने नेहमीच्या टेस्ट पास होऊन जर्मनीतल्या एनएमआर नावाच्या जास्त बारकाईच्या टेस्टला नापास झाले होते, तिथे आपल्या काडीपेटीचं काय चालणार. मधपाळ ओळखीचा असणं हीच त्यातल्या त्यात खात्री. अजून एक सांगते, बाळाला जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची पद्धत आहे ना, ती माझ्या मधाने कुणी करू नये. वर्षाच्या आतल्या मुलाला मध द्यायचा नाही असं डॉक्टर सांगतात, त्यात बोटुलिझमचे जंतू असू शकतात आणि तान्ह्या पोटाला ते झेपत नाहीत. सासूबाईंना हे पटवायला मला भरपूर वेळ लागला, पण पटलं.

शेजाऱ्यांची भीती हा पण विषय आहे. पर्यटकांवर हल्ला वगैरे बातम्या येतात ती बहुतेक आग्यामोहोळाची माशी, उंच झाडाला किंवा टाकीखाली उघड्यावर एकच मोठ्ठं पोळं लटकतं ती. सातेरी अंधारात, बंद जागेत, एकामागे एक पोळी करून राहते आणि छेडलं नाही तर आपल्या कामात असते. चावत नाही असं नाही, चावते. डंख नखाने खरवडून लगेच काढायचा, चिमटीत धरायला जायचं नाही, आणि तिथून बाजूला व्हायचं कारण त्या डंखाला पिकल्या केळ्यासारखा वास असतो आणि तो वास म्हणजे बाकीच्यांना आवतण. कुणाला अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. पण म्हणून घराच्या वळचणीला सातेरी आली की लगेच रॉकेलचा बोळा पेटवायचा हे काय? एखाद्या मधपाळाला फोन करा, फुकट घेऊन जाईल, वर तुम्हालाच मध आणून देईल.

ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी सोयी आहेत. राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, त्यांच्या मधकेंद्र योजनेत ट्रेनिंग आणि निम्म्या खर्चाचं अनुदान मिळतं, पुण्यात केंद्राची मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये "मधाचं गाव" झालं तेही जाऊन बघण्यासारखं. फक्त अनुदान मिळतंय म्हणून दहा घेऊ नका, दोन घ्या, म्हणजे एक कमजोर झाली तर दुसरीतली पिलाव्याची चौकट देऊन सावरता येते.

शेवटी ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. वणव्यांवर तुम्ही लिहिता ते चांगलंच आहे, गवताबरोबर वारुळातली आणि ढोलीतली मोहोळं जातात हे पण त्यात येऊ दे. पण आमचा मोठा त्रास आंब्यावरच्या फवारणीचा. तुडतुडे आणि फुलकिड्यांसाठी औषध मारावं लागतं हे मला कळतं, माझी पण चार कलमं आहेत. पण मोहोर पूर्ण फुललेला असताना भर सकाळी दहा वाजता पंप चालू केला की दुपारी माझ्या पेटीच्या दाराशी माश्या पाठीवर पडून गोल गोल फिरत असतात, जीभ बाहेर. बागवाले म्हणतात आंब्याला मधमाशी कशाला हवी, आंब्यावर साध्या माश्याच येतात. येतातच, साध्या माश्या येतात, सातेरी येते, डंख नसलेली ती बारीक काळी माशी येते, आणि तुमचं औषध कोण कुठली ते विचारत नाही, सगळ्यांना सारखंच लागतं. मोहोरातली बरीचशी फुलं नराचीच असतात, थोड्या फुलांना फळ धरतं, तिथपर्यंत पराग न्यायला कुणीच उरलं नाही तर मग फळधारणा कमी झाली म्हणून हवामानाच्या नावाने ओरडायचं.

तर तुम्ही दर हंगामात आंब्याच्या फवारणीचं वेळापत्रक चौकटीत छापता, बागवाले ते कापून भिंतीला लावतात, मी बघितलंय. त्याच चौकटीत खाली ठळक अक्षरात एवढं टाका: मोहोर फुललेला असताना फवारणी टाळा, मारावीच लागली तर माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी मारा, आणि आजूबाजूला कुणाची पेटी असेल तर आदल्या दिवशी सांगा. सांगितलं की आम्ही दार बंद करून ठेवू, पेटीत हवा खेळेल अशी जाळी लावून. डिसेंबरच्या आत छापलंत तर या मोहोराला उपयोग होईल.

कळावे,
एक मधपाळ वाचक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी