भाऊबीज ते तुळशीचं लग्न: मधले आठ-नऊ दिवस

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर चौघं चार बाजूंनी बोलतात आणि शेवटी बाबा 'तुम्हीच ठरवा' म्हणतात. म्हणून दिवाळीच्या सहलीचं हे कागदावर. चष्मा लावून सावकाश वाचा, पटलं नाही तिथे पेन्सिलीने खूण करा.

आधी तारखा, कारण घोळ तिथेच आहे. नवरात्रात मखर सोडून तुम्ही फोंड्याबाहेर पाऊल टाकणार नाही, तेव्हा तो विषय संपला. दसरा ते दिवाळी वीस दिवस मोकळे दिसतात, पण मुलांची सहामाही परीक्षा त्यातच, ऊन सगळ्यांत कडक तेव्हाच आणि दुपारनंतर गडगडाट करून पाऊस कधी येईल ते सांगता येत नाही. नरकासुर जाळून, पहाटे कारीट फोडून, पाच घरचे फोव, म्हणजे पोहे, खाल्ल्याशिवाय तर निघायचंच नाही. आणि द्वादशीला तुळशीचं लग्न आहे, आई घरात हवीच. उरतात भाऊबिजेनंतरचे आठ-नऊ दिवस. पाऊस सरलेला, थंडी अजून न पडलेली, मुलांना सुट्टी. त्यातले चार दिवस आणि तीन रात्री घेऊया. एकाच ठिकाणी मुक्काम, रोज बॅगा भरणं नाही.

आता ठिकाणं. बाबांच्या यादीतलं कासचं पठार मी पहिलं खोडलं. फुलांचा बहर ऑगस्टच्या शेवटापासून फार तर ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. दिवाळीनंतर तिथे वाळकं गवत. जोगच्या धबधब्याचंही तसंच: फोटोतलं ते पाणी जुलै-ऑगस्टचं. वर लिंगनमक्कीचं धरण 1964 पासून पाणी अडवतं, नोव्हेंबरात कड्यावरून चार बारीक धारा उतरतात. गोकर्ण-मुर्डेश्वर सोयीचं आहे, मडगावहून रेल्वेने अडीच-तीन तास, मुर्डेश्वरच्या गोपुरात लिफ्टसुद्धा आहे. पण दिवाळीच्या सुट्टीत त्या लिफ्टची रांग आणि समुद्राकडून उठून समुद्रच बघायला जाणं! ते शनिवार-रविवारी कधीही होईल.

खरी लढत बदामी आणि हंपीची. बदामी मलाही जास्त आवडते, पण तिथली लेणी डोंगराच्या कुशीत आहेत. पायऱ्या उंच, पावलागणिक मापं वेगळी, आणि सगळ्यांत देखणं तिसरं लेणं, मंगलेशाच्या 578 सालच्या शिलालेखाचं, ते वर आहे. बाबांचे गुडघे चढताना कुरकुरत नाहीत, उतरताना धरतात. वर पोचल्यावर 'आता खाली कसं' हा प्रश्न बदामीत येणार. हंपीत उलट आहे. जे बघायचं त्यातलं बहुतेक सपाटीवर, आणि जे चढायचं ते सोडलं तरी हंपी अपुरी राहत नाही. म्हणून हंपी.

जायचं रेल्वेने. वास्कोहून अमरावती एक्सप्रेस आठवड्यातून चार दिवस सकाळी सुटते, मडगावला चढलं की कुळे, कॅसलरॉक, लोंढा, हुबळी, गदग करत दुपारी होसपेट. कुळ्याला जास्तीची इंजिनं जोडतात, कारण पुढचा घाट 37 फुटांना एक फूट चढतो. त्यामुळे गाडी रेंगाळते आणि 310 मीटरचा दूधसागर डब्यात बसून, भर सकाळी दिसतो. जीपचे धक्के नाहीत, शेवाळलेल्या दगडांवरून चालणं नाही. कुठल्या बाजूला दिसेल ते कुळ्याच्या आधी टीसीला विचारून ठेवा.

तिकिटाची एक मेख आहे. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच असतील तर मिळतो, आणि दोघंही त्या वयात बसायला हवेत. आपण सगळ्यांबरोबर एकाच तिकिटावर तुमची नावं घातली तर तुमचा हक्क आपोआप जातो आणि बाबा वरच्या बर्थवर. म्हणून तुमचं दोघांचं वेगळं काढते. आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं, तारीख कॅलेंडरवर लाल केली आहे. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, बाबा, खिडकीवर वाद घालू नका.

दादा-वहिनी सामान आणि कुकर घेऊन गाडीने येतील. परत येताना सगळे रस्त्याने, कारण उलट दिशेची अमरावती बंगालपासून निघालेली असते, ती वेळेत येईल या भरवशावर तुम्हाला होसपेटच्या फलाटावर बसवणार नाही. तिकडून एकेरी टॅक्सी केली तर रिकाम्या परतीचेही पैसे लागतात. म्हणून दादाच्या गाडीशिवाय दुसरी गाडी फोंड्याहूनच, चार दिवसांची ठरवून नेऊ.

मुक्काम होसपेटला नको, ते बारा किलोमीटर लांब. कमलापूरला राहू, तिथे कर्नाटक पर्यटनाचं मयूरा भुवनेश्वरी आहे आणि खाजगीही आहेत. खोली ठरवताना मी चारच गोष्टी विचारते: तळमजला आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराच्या उंबऱ्याला पायरी किती, सकाळी गरम पाणी किती वाजता. फोटो न्हाणीघराचा मागते, बागेचा नाही.

पहिल्या दिवशी पोचून झोपायचं. संध्याकाळी फक्त हेमकूट टेकडी. लोक विरुपाक्ष मंदिराच्या बाजूने चढतात, तिथे उघडा खडक आहे आणि झिजून गुळगुळीत झालाय. आपण कृष्ण मंदिराच्या रस्त्याने, चण्याच्या गणपतीकडून जाऊ, तो चढ सौम्य आहे. नावावर जाऊ नका, हा 'चणा' पंधरा फुटी आहे. जवळच मोहरीचा गणपती. त्याच्यापुढे हात जोडून सगळे निघून जातात. आई, तू मात्र वळसा घालून मूर्तीच्या मागे जा. पाठीकडे एका बाईची पाठ कोरली आहे. मागून बघितलं की गणपती पार्वतीच्या मांडीवर बसलेला, आणि पुढून बघितलं की ती दिसतच नाही. पुढून पोटावर बांधलेला नागही बघ.

दुसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिर, उघडल्या उघडल्या. गाड्या साधारण एक किलोमीटर अलीकडे थांबवतात, तिथून बॅटरीच्या गाड्या. उशीर झाला की शाळांच्या सहलींची रांग लागते आणि उन्हात उभं राहणं पायांना चालण्यापेक्षा वाईट. दगडी रथ तोच, नव्या 50 च्या नोटेवरचा. एक नोट छोटीच्या हातात द्या, ती चाकं ताडून बघेल. संगीताच्या खांबांवर टिचक्या मारायला आता मनाई आहे. गाभारा रिकामा आहे. आपल्याकडे सांगतात की इथला विठोबा एकनाथांचे पणजोबा भानुदास पंढरीला परत घेऊन गेले, ते आईला तिथे आठवेलच. तिकीट जपून ठेवा, तेच त्या दिवशी कमलमहालाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालतं.

अकरा वाजता खोलीवर, साडेतीनपर्यंत बाहेर पडणं नाही. नोव्हेंबर असला तरी दगड तापतो. संध्याकाळी कमलमहाल, अकरा घुमटांची हत्तीशाळा, मग हजारराम मंदिर. त्याच्या भिंतींवर रामायण डोळ्यांच्या उंचीवर कोरलंय, मान वर करावी लागत नाही. महानवमी दिब्बा म्हणजे उंच दगडी चौथरा, त्यावर चढायचं नाही, पायऱ्या खड्या आहेत. खरी मजा खालच्या थरात आहे: घोडे आणि घोडे घेऊन आलेले परदेशी व्यापारी. विजयनगरचे कितीतरी घोडे आपल्या गोव्याच्या धक्क्यावरच उतरत. बाबांना इथे मी घाई करणार नाही. जवळच काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी आहे. दगडांवर जागा दाखवणाऱ्या खुणा कोरल्यात, म्हणजे आधी घडवून मग जुळवलेली. ती काठावरूनच बघायची.

तिसरा दिवस सकाळी विरुपाक्ष. मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत भोकातून प्रकाश येतो आणि भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, शेजारचा कोणीही खोली दाखवेल. इथे चपला काढाव्या लागतात, दोघांनी जाड मोजे न्या. नंतर नदीपलीकडची आनेगुंदीची बाजू. अंजनाद्री टेकडीच्या 575 पायऱ्या दादा आणि मुलं चढतील, तुम्ही पंपा सरोवराशी थांबा. हरगोलीत, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीत, बसायचा हट्ट मुलं करतील. धरणातून पाणी सोडलं असेल तर त्या बंद असतात आणि चालू असल्या तरी जॅकेटाशिवाय नाही.

हंपीत फिरायला रिक्षाच, दोन. दादाच्या गाडीची पायरी आईला उंच पडते, रिक्षात ती नुसती बसते. पिशवी खांद्याला, हातात प्लास्टिक नाही, केळी तर नाहीतच, माकडं सरळ ओढतात.

बाबा, नुस्त्याचं काय ते मनाची तयारी करून या. हंपी गावात मांसमच्छी मिळत नाही. जोळद रोटी, येणगाई, शेंगाचटणी उत्तम मिळेल, पण भात सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचा. म्हणून एक किलो उकडे तांदूळ आणि छोटा विजेचा कुकर घेते, सकाळची पेज खोलीतच होईल. त्यासाठी हॉटेलला आधी विचारलं पाहिजे, नाहीतर ऐनवेळी नाही म्हणतात. मिस्कूट आणि लोणचं आईने द्यावं.

परतीला साडेआठला निघायचंच. गदगच्या अलीकडे लक्कुंडीला तासभर: काशीविश्वेश्वराचं मंदिर गावातच, सपाटीवर, आणि दाराच्या चौकटीचं कोरीव काम वितभर अंतरावरून बघता येतं. जेवण हुबळीला. अनमोड घाट उजेडात उतरायचा आहे, सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पावसाने खचलेल्या कडा अंधारात दिसत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी मोलेच्या बाजूला कोणालातरी फोन करून रस्ता विचारू. बंद असेल तर बेळगाव-चोर्ला, दीड तास जास्त धरा.

गोळ्या सहा दिवसांच्या घ्या, चारच्या नाही, आणि अर्ध्या आईच्या पर्समध्ये, अर्ध्या बाबांच्या खिशात. पाण्याची (लघवीची) गोळी प्रवासाच्या सकाळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

तिकिटासाठी दोघांच्या आधार कार्डावर नाव आणि जन्मसाल जसं आहे तसंच मला लिहून पाठवा. बाबांचं आडनाव दोन कागदांवर दोन तऱ्हांनी आहे, तेवढं बघा.

तुमची,
धाकटी