बदलापूरच्या काकांस

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय पाण्याच्या तापमानावर नेता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माझ्या एंजल माशांची पिल्लं आता रुपयाच्या नाण्याएवढी झालीत. वरचे-खालचे पर लांबायला लागलेत, अंगावरचे काळे पट्टे दारातूनसुद्धा दिसतात. आमच्या परळच्या घरात, जिथे टाकीसाठी जागा करायला शिवणयंत्र माळ्यावर गेलं, तिथे ही पिल्लं वाढताहेत. हे तुमच्यामुळे झालं, हे मला चारचौघांत म्हणायचं आहे.

तुम्ही भेटायच्या आधीचं आठवलं की अजूनही राग येतो. ज्या दुकानातून 'गॅरंटीची जोडी' म्हणून जादा पैसे मोजून दोन एंजल आणले, तिथे मी प्रत्येक वेळी तीच तक्रार घेऊन जायचे, की पानावर अंडी दिसतात आणि दोन-तीन दिवसांत सगळी पांढरी पडतात. प्रत्येक वेळी मला नवी बाटली मिळायची. आधी बुरशीचं औषध, मग पाणी 'सुधारायचं' औषध. शेवटी सांगितलं, मुंबईच्या पाण्यात एंजल होतच नाहीत, नाद सोडा. त्या माणसाने एकदाही विचारलं नाही की अंडी घालताना कोण काय करतं.

तुम्ही विचारलंत. घरी आलात, चहा बाजूला ठेवलात आणि टाकीसमोर मांडी घालून बसलात. नशिबाने दोघी त्याच दिवशी पान साफ करत होत्या. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग मला जवळ बोलावून दोघींच्या पोटाखालची अंडनळी दाखवलीत, दोन्हीकडे रुंद आणि बोथट. नराची बारीक, टोकदार असते, आणि तीही अंडी घालायच्या सुमारासच दिसते. एरवी नर-मादी खात्रीने सांगणं कुणालाच जमत नाही. मग ती गॅरंटी कसली होती? दोन माद्या एकाच पानावर अंडी घालत होत्या. फळायला नरच नव्हता, तर अंडी पांढरी पडणारच.

पाण्याचंही तुम्हीच सांगितलंत. मुंबईला येणारं तानसा-भातसा धरणांचं पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या या माशाला ते मानवतं, फक्त रात्रभर बादलीत हवा सोडून क्लोरीन उडवा. मग तुमच्या घरची सहा लहान एंजल पिशवीत घालून दिलीत. "वाढू द्या. जोडी त्यांची ती लावतील, आपण लावायची नसते." पैशाचं नाव काढू दिलं नाहीत.

जोडी लागली. सुरुवातीला आईबापांनी अंडी खाल्ली, तेव्हाही तुम्ही धीर दिलात की नवी जोडी बिचकते, खातेच. नंतरच्या वेळी त्यांनी अंडी राखली. साधारण 60 तासांनी पानावर शेपट्या वळवळायला लागल्या. एखादं पिल्लू खाली पडलं की बाप ते तोंडात उचलायचा आणि परत पानाला चिकटवायचा. मी स्वयंपाक सोडून ते बघत बसायचे.

पिल्लं पोहायला लागतील तेव्हा त्यांना खायला जिवंत आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, हवेत, हे तुम्ही आधीच बजावलं होतं. मी आर्टेमियाच्या अंड्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं. पण ते जुनं निघालं. 28 अंशांच्या मिठाच्या पाण्यात, हवा चालू ठेवून, 24 तास उलटले तरी एक जीव हलला नाही. इकडे पिल्लांच्या पोटातला बलक संपत आला होता आणि ती पान सोडायला लागली होती. रात्री रडवेल्या आवाजात तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "सकाळी दादरला मधल्या पुलावर उभ्या राहा."

बदलापूरहून सकाळची लोकल म्हणजे काय असते, ते त्या लाईनवर राहणाऱ्यांना सांगायला नको. दोन्ही हात मोकळे असले तरी माणूस धड उभा राहू शकत नाही. तुम्ही एका हातात पाण्याची बाटली सरळ धरून आला होतात. झाकण सैल ठेवलेलं, कारण आतल्या आर्टेमियाला हवा हवी. बाटली कलंडू नये म्हणून सबंध प्रवासात हात छातीशी. शर्टाची बाही मिठाच्या पाण्याने भिजली होती. बाटली माझ्या हातात दिलीत, "आधी गाळून साध्या पाण्यात धुवा, मगच घाला" म्हणालात आणि कामाला उशीर होतोय म्हणून उलट्या पावली जिना उतरलात. मी धन्यवाद म्हणेपर्यंत गर्दीत दिसेनासे झालात.

काका, मला ती बाटली विसरता येत नाही. माहिती काय, हल्ली कुणीही देतं. दुसऱ्याच्या घरातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या पिल्लांसाठी एवढ्या गर्दीत तासाभराहून जास्त वेळ हात आखडून उभं राहणं, हे कोण करतं? या शहरात अशी माणसं आहेत. ती पाट्या लावत नाहीत, गॅरंटी देत नाहीत, म्हणून आपल्याला उशिरा सापडतात. पण एकदा सापडली की बाकीच्यांचा राग धरून ठेवावासा वाटत नाही. माझा अजून थोडा उरलाय, तोही जाईल.

त्या दिवशी दुपारी पिल्लांची पोटं नारिंगी दिसली. आर्टेमिया खाल्ल्याची ती खूण. मी तुम्हाला फोटो पाठवला, तुम्ही नुसतं "झकास" लिहिलंत.

आता एक काम आहे. मोठ्या टाकीत उरलेल्या चारांपैकी दोघं एकाच पानाभोवती फिरताहेत, मधूनच तोंडाला तोंड लावून ओढाओढ करतात. जोडी लागतेय की भांडण आहे, मला कळत नाही. येत्या रविवारी काकूंना घेऊन या आणि बघून सांगा. आई अळूवड्या करणार आहे. तुमच्यासाठी सगळ्यात तरतरीत पिल्लं वेगळी काढून ठेवलीत. या वेळी पैशाचं नाव तुम्ही काढायचं नाही.

तुमची,
परळची एंजलवाली