सरसकट 'ॲडास' बंद करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला चाकरमानी नव्या गाड्या घेऊन गावी येतात. मुंबई-गोवा महामार्गावर स्टिअरिंग आपोआप ओढलं गेलं की वैतागून ॲडासचं, म्हणजे कॅमेरा-रडार वापरून ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचं, सगळंच बंद करून टाकतात. कृपया असं करू नका. त्यातल्या बहुतेक सोयी वेगवेगळ्या बंद करता येतात.

स्टिअरिंग ओढते ती लेन कीप असिस्ट. आरशामागचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो. डायव्हर्जनवर जुने पट्टे तसेच राहतात, नवे नसतात, मग गाडी जुन्याच पट्ट्यांच्या मागे जाऊ बघते. ही खुशाल बंद करा. काही गाड्यांत स्टिअरिंगवर लेनचं बटण असतं, नाहीतर स्क्रीनवर व्हेइकल सेटिंग्जमध्ये ड्रायव्हर असिस्टन्स उघडा. घाटात ॲडॅप्टिव्ह क्रूझही (पुढच्या गाडीपासून अंतर राखत ठरवलेला वेग धरणारी सोय) नको. तीव्र वळणावर पुढची गाडी रडारच्या टप्प्यातून सुटते, रस्ता मोकळा समजून आपली गाडी ठरवलेला वेग गाठायला धावते.

समोर धडक होईल असं दिसलं की आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक मात्र चालूच हवा. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून रिक्षा आली की उगाच बीप वाजतो, त्यासाठी इशाऱ्याची वेळ 'लेट' ठेवा. बंद केला तरी बऱ्याच गाड्यांत पुढच्या स्टार्टला तो परत चालू होतो, म्हणून कुणी फ्यूज काढायला सांगतं. तसं अजिबात करू नका. त्याच फ्यूजवर दुसरी यंत्रणाही असू शकते, कधी जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा. आणि रात्री रस्त्यावर बसलेली गुरं ही यंत्रणा ओळखेलच असं नाही, तिथे वेग आपणच कमी करायचा.

चिखलात चाक जागीच फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाची ताकद कापतं आणि गाडी हलत नाही. तेवढ्यापुरतं ते बंद करा, बाहेर निघालात की लगेच चालू करा. पावसात निसरड्या वळणावर गाडी सावरणारं ईएसपी बऱ्याच गाड्यांत त्याच बटणावर असतं.

निघण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोरची काच आणि पुढच्या रडारवरचा लाल चिखल ओल्या फडक्याने पुसा. पुढची काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (तो पुन्हा नेमका जुळवणं) करून घ्या, खर्च वाचवू नका. रडारसमोर क्रॅश गार्ड (बंपरपुढचा धातूचा गार्ड) तर नकोच, तो रडारच्या आड येतो.

महामार्गाच्या ठेकेदारांनाही एक विनंती. डायव्हर्जनवरचे जुने पट्टे काळा रंग फासून झाकू नका, खरवडून काढा. पावसात दिव्यांच्या उजेडात तो काळा रंग चकाकतो आणि कॅमेऱ्यालाच काय, ड्रायव्हरलाही पट्टाच वाटतो.

आपला,
एक मोटार मेकॅनिक, चिपळूण