गोळ्यांच्या डब्याबद्दल बोलायचंय

आई, बाबा,

फोनवर हे बोलणं जमतच नाही. मी तब्येतीचा विषय काढला की बाबा "हो हो कळलं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई म्हणते तुझंच सांग, तू झोपतेस का वेळेवर. म्हणून लिहूनच काढतेय सगळं. अक्षरं मोठी करून पाठवतेय, तेव्हा चष्मा सापडत नव्हता हे कारण चालणार नाही.

गेल्या वेळी आले होते तेव्हा तो गोळ्यांचा डबा उघडला ना, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात, कात्रीने कापलेल्या पट्ट्या, त्यातल्या निम्म्यांवर नाव नाही की एक्सपायरी नाही. आणि मग एकेक बाहेर यायला लागलं. बाबांनी बीपीची गोळी दोन महिने बंद ठेवलेली, का तर मशीनवर १२६ आलं. आणि आईची गुडघ्याची गोळी बाबाही घेतायत, कंबरेसाठी. तेव्हा मी चिडले, नको ते बोलले, सॉरी. पण मुद्दा तोच आहे अजून.

बाबा, ते १२६ गोळीमुळेच आलं होतं हो. चष्मा लावून नीट दिसायला लागलं म्हणून कोणी चष्मा काढून ठेवतं का? (तुम्ही ठेवता, पण ते जाऊ दे.) बीपी वाढलेलं बहुतेक वेळा जाणवत नाही, डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही असं काही नसतं. वर्षानुवर्षं ते गुपचूप हृदय, किडनी, डोळे, मेंदूच्या नसा खराब करत राहतं. आणि त्यातल्या काही गोळ्या, बीटा ब्लॉकर म्हणतात त्या, एकदम थांबवल्या तर बीपी उलट उसळी मारतं. तुम्ही म्हणालात गोळीने उठताना चक्कर येते. येऊ शकते, तुमचं अजिबात खोटं नाही. पण मग ते डॉक्टरला सांगायचं, ते बसून आणि उभं राहून दोन्ही बीपी बघतात, डोस कमी करतात, गोळी बदलून देतात. ते न सांगता मनाने बंद केली आणि पुढच्या भेटीत "एकदम मस्त आहे" म्हणून आलात, तर वाढलेलं बीपी बघून त्यांना वाटणार गोळी कमी पडतेय, आणि ते डोस वाढवणार. न घेतलेल्या गोळीचा!

तोवर सकाळी उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. पडलात तर चक्करेपेक्षा खुबा महागात पडतो.

आणि ते मशीन. बाहेरून आल्या आल्या, चहा पीत, आईशी वाद घालत मोजलेलं बीपी म्हणजे बीपी नव्हे. आधीचा अर्धा तास चहा नाही, लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. एक मिनिट थांबून परत घ्यायचं आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. घरी सारखं १३५/८५ च्या वर येत असेल तर मला नाही, डॉक्टरांना सांगा. एखाद दिवशी जास्त आलं तर घाबरून दहा वेळा मोजू नका, मोजत राहिलं की ते वाढतंच. पण १८०/१२० च्या वर आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं असलं काही असेल तर सरळ इमर्जन्सी.

आता आई. तुझे गुडघे दुखतात, मला माहितीय, "वयच झालं" म्हणून सहन कर असं मी म्हणणार नाही. पण ती गोळी, आयब्युप्रोफेन काय किंवा डायक्लोफेनॅक काय, रोज उठून घ्यायची नसते. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी वाढवते, किडनीवर ताण आणते, पोटात अल्सर करते. म्हणजे बघ, बाबांची बीपीची गोळी बंद आणि वर बीपी वाढवणारी गोळी तू प्रेमाने देतेयस. दुसऱ्याच्या नावाची गोळी द्यायचीच नाही, घरातली असली तरी. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर त्याच दिवशी दाखवायचं, पोटातून रक्त जात असू शकतं. पॅरासिटामॉल त्यामानाने बरी पण तिलाही मर्यादा आहे, मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, या वयात डॉक्टर त्याहून कमीच सांगतात. आणि सर्दीच्या गोळ्यांमध्ये बऱ्याचदा तीच असते हे लक्षात राहत नाही. गुडघ्यासाठी लावायचं जेल आणि मांडीचे स्नायू मजबूत करणारे व्यायाम याबद्दल विचार ना त्यांना. व्यायाम कंटाळवाणे असतात, पण खरा फरक त्यानेच पडतो.

अजून एक. थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी तू एकाच घोटात घेतेस, वर लगेच चहा. कॅल्शियम त्या थायरॉईडच्या गोळीला नीट शोषूच देत नाही, दोन्हींत किमान चार तास हवेत. थायरॉईडची उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, चहा अर्ध्या-एक तासाने. तुझा टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) सारखा वर येतो आणि डोस वाढतो तो कदाचित यामुळेच असेल, हे डॉक्टरांना जरूर सांग. घशाशी आलेलं बोलायला तुला कधी लाज वाटली नाही, मग तिथेच का गप्प बसतेस?

शुगरचं बाबांना वेगळं सांगायला नको, पण रिपोर्टच्या आधी चार दिवस गोड बंद करून एचबीएवनसी फसत नाही. ती तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, चार दिवसांची नाही. त्यापेक्षा रोज रात्री पायाचे तळवे बघा, चीर, फोड, लाली काही आहे का. शुगरमुळे पायाची संवेदना कमी होते आणि जखम झालेली कळतच नाही. घाम फुटला, हात थरथरले, शुगर ७० च्या खाली दिसली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायची. आई, ते शुद्धीत नसतील तर तोंडात काहीही घालू नकोस, आधी ॲम्ब्युलन्स.

उरलेल्या अँटिबायोटिकची ती अर्धी पट्टी मी न विचारता टाकून दिली, आता सांगते. साध्या व्हायरल सर्दीवर ती काही करत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ सालीच नोबेलच्या भाषणात सांगून ठेवलंय की अपुऱ्या डोसने जंतू औषधाला सरावतात. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर मात्र घरी काढे करत बसू नका, तपासून घ्या.

आणि रात्री काही झालं तर. बाबा, त्या दिवशी तुम्ही रात्रभर "गॅस झालाय" म्हणून बसलात, नशिबाने गॅसच निघाला. पण हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ यायलाच पाहिजे असं नाही, विशेषतः बायकांना आणि शुगर असलेल्यांना नुसता दम, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, विचित्र थकवा एवढंच असू शकतं. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलला जात नाही, बोलणं जड झालं, तर तो स्ट्रोक धरूनच चालायचं. किती वाजता सुरू झालं ते बघून ठेवायचं कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांतच देता येतं, आणि अॅस्पिरिन स्वतःहून द्यायची नाही, रक्तस्राव असेल तर घात होतो. दहा मिनिटांत थांबलं तरी जायचंच. मुलीची झोपमोड नको म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही. माझी झोप इतकी महाग नाहीये.

पुढच्या भेटीला जाताना डबा पिशवीत घालून तसाच न्या. कोणी दिलेली पावडर, टॉनिक, जे काय चालू आहे ते सगळं. विचारायचं ते आधी कागदावर लिहा, सगळ्यात महत्त्वाचं पहिलं, कारण तुमचा मुख्य त्रास नेहमी दारातून निघताना आठवतो.

सात कप्प्यांचे दोन डबे पाठवलेत, आईचा निळा, बाबांचा करडा. रविवारी दहाला व्हिडिओ कॉल करते, आपण मिळून भरू आणि बीपीही माझ्यासमोर मोजायचंय. म्हणजे चहा साडेनऊच्या आत.

तुमची,
मी