‘मदत करणे’ या क्रियापदाबद्दल : कॅलिफोर्नियाच्या शिक्षण अधीक्षकांना खुले पत्र

मा. राज्य शिक्षण अधीक्षक,
सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

स. न. वि. वि.

इंग्रजी प्रत वेगळी पाठवते आहेच. मराठीत लिहिते आहे ते इथल्या मराठी आईबापांनीही वाचावं म्हणून.

आम्ही फ्रिमॉन्टला राहतो. मुलगी चौथीत आहे. मध्यंतरी तिनं शाळेसाठी साखरेच्या क्यूब्जचं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्रींच्या जुन्या धर्मवसाहतीची प्रतिकृती, बांधलं आणि तीन दिवस डायनिंग टेबलावर मुंग्यांची रांग लागली. अशा प्रतिकृतींनी मुलांना तो काळ कळत नाही, हे राज्याच्याच २०१६च्या अभ्यासक्रम आराखड्यात म्हटलंय. पण प्रथा अशा सहजी सुटत नाहीत, हे आम्हा मराठी माणसांना कुणी सांगायला नको.

तिला खरं मिशन दाखवायला नेलं. मिशन सॅन होजे, स्थापना १७९७. तिथून जवळच, वॉशिंग्टन बुलेव्हार्डला, ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांची दफनभूमी आहे. आत एक दगड आहे. पाद्रींना मिशन बांधायला ‘मदत करणारे’ चार हजार ओलोनी इथे झोपले आहेत, असं त्यावर कोरलंय. मी त्या ‘मदत’पाशी अडले.

बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला परवानगीशिवाय मिशन सोडून जाता येत नसे. पळाला तर मागे सैनिक जात, परत आणल्यावर चाबूक. त्यात एकाच आवारात दाटीवाटीनं राहणं, त्यामुळे १८०६ची गोवराची साथ या भागातल्या मिशनांमध्ये वणव्यासारखी पसरली. अशा कामाला मराठीत जुना, स्वच्छ शब्द आहे : वेठ.

याच मिशनातला एस्तानिस्लाओ हा योकुट्स या मूळ रहिवासी जमातीचा माणूस. चांगला अल्काल्दे, म्हणजे आपल्या लोकांवरचा मुकादम, होता. १८२७-२८च्या सुमारास तो निघून गेला आणि १८२९मध्ये त्यानं मेक्सिकन फौजेशी (तेव्हा इथे मेक्सिकोचं राज्य होतं) टक्कर दिली. स्टॅनिस्लॉस नदी आणि काउंटी त्याच्याच नावाची. आपण त्या नदीवरून किती वेळा योसेमिटीला गेलो असू, नाव कुणाचं हे एकदाही विचारलं नाही. खुशीनं मदत करणारी माणसं बंड करतात का हो?

पाद्री गेले, अमेरिकन आले, शब्दांची खोड तीच राहिली. १८५०च्या कायद्याच्या नावातच ‘इंडियनांचे’, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, ‘संरक्षण’ होतं. त्या ‘संरक्षणा’खाली मुलं गोऱ्यांच्या घरी कामाला बांधून देता येत, रिकामा हिंडताना सापडलेल्या माणसाची मजुरी चार महिन्यांपर्यंत लिलावात विकता येई. पुढच्याच वर्षी पहिले गव्हर्नर पीटर बर्नेट यांनी विधिमंडळाला सांगितलं की, इंडियन वंश नामशेष होईपर्यंत त्यांच्याविरुद्धचं संहाराचं युद्ध चालेल. १८५१-५२ मध्ये केंद्राच्या आयुक्तांनी जमातींशी १८ करार केले, लाखो एकर जमीन कबूल केली. सिनेटनं ते फेटाळले आणि १९०५पर्यंत गुप्त ठेवले. सही करणाऱ्यांना वाटत होतं, करार झालाय.

२०१९मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी राज्याच्या वतीनं माफी मागितली, मूळ रहिवाशांशी जे झालं त्याला वंशसंहारच म्हटलं. २०२४मध्ये कायदाही झाला : पुढच्या आराखड्यात स्पॅनिश वसाहतीच्या आणि सोन्याच्या हव्यासाच्या (‘गोल्ड रश’) काळात मूळ रहिवाशांचं काय झालं, ते यावं. म्हणूनच हे पत्र. आराखडा लिहाल तेव्हा क्रियापदं तपासा. ‘शेती शिकवली’, ‘सामावून घेतलं’ अशी वाक्यं फार सोज्वळ असतात. ते १८ करार मुलांना नकाशावर दाखवा, प्रत्येक शाळेला आपला तालुका एखाद्या करारात होता का, असला तर कोणत्या, ते शोधू द्या.

आणि ओलोनी म्हणजे ‘होते’ नव्हे. १९२५मध्ये एका नामवंत मानववंशशास्त्रज्ञानं त्यांना जवळपास नामशेष ठरवलं होतं. त्यांचे वंशज आज याच सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या काठी राहतात, चोचेन्यो ही आपली भाषा पुन्हा शिकतात. धडा लिहिताना आधी त्यांना बोलवा.

तो दगड मात्र हलवू नका. चौथीच्या मुलांना त्याच्यासमोर उभं करा आणि विचारा, इथे कोणतं क्रियापद हवं होतं?

माझा धाकटा दोन वर्षांनी चौथीत जाईल. साखर आणणार नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आपली,
फ्रिमॉन्टमधली एक आई