सूचना : तरुण माजी विद्यार्थ्यांनी नावं कळवावीत

पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजच्या मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता बोट क्लबवर तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी गप्पा ठरल्या आहेत. २०१२ नंतर पदवी घेतलेल्यांनी जरूर यावं.

थोर अभियंते विश्वेश्वरय्या इथेच शिकले, हे मुलांना पाठ असतं. चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेली त्यांच्याच शाखेतली ताई आज काय करते, ते मात्र ठाऊक नसतं. आपल्या 'स्वयम्' उपग्रहाच्या टीममधल्यांना खास आग्रह. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटमधून गेलेला तो जेमतेम किलोभराचा उपग्रह विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी घडवला. अर्धवट काम पुढच्या तुकडीच्या हाती कसं सोपवायचं, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?

• बुधवारी रात्रीपर्यंत नाव, शाखा, उत्तीर्ण वर्ष आणि सध्याचं काम ग्रुपवर टाका.
• पॅकेजचा आकडा सांगू नका. गेट, एमपीएससी, परदेशात एमएस, स्वतःचं वर्कशॉप किंवा सिव्हिल सोडून सॉफ्टवेअर, जी वाट धरली ती का धरली ते सांगा. फसलेला प्रयत्नही सांगा. प्लेसमेंटच्या तोंडावर मुलांना त्याचाच धीर येतो.
• प्रत्येकी १० मिनिटं, स्लाइड नकोत.

परदेशातल्यांनी शनिवारपर्यंत व्हॉइस नोट पाठवावी.