अर्धवट वचने आणि गरिबांची झाडाझडती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारने गरिबांना थेट मदत द्यावी की नाही, या प्रश्नावर आपल्या पत्रस्तंभात चाललेल्या चर्चेत दोन्ही बाजूंनी बायबलची वचने वापरली गेली, आणि एक ख्रिस्ती वाचक म्हणून मी ती लक्षपूर्वक वाचत आलो आहे. मदतीच्या विरोधकांनी ‘जो काम करत नाही त्याने खाऊ नये’ आणि ‘गरीब तर नेहमीच असणार’ ही दोन वाक्ये पुढे केली, तर समर्थकांनी ‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे’ हे येशूचे वाक्य देऊन पैसेवाला ख्रिस्ती म्हणजे ढोंगीच, असे सुचवले. करांचे आणि मदतीचे धोरण काय असावे यावर प्रामाणिक माणसांचे मतभेद होणारच, आणि त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती धोरणाची चर्चा बाजूला ठेवून वचनाच्या आधारे माणसांच्या एका अख्ख्या वर्गाच्या चारित्र्यावर निकाल देण्याला.

‘गरीब नेहमीच असणार’ या वाक्याचे उदाहरण घ्या. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बेथानी गावी एक स्त्री येशूच्या मस्तकावर जटामांसीचे अस्सल तेल ओतते. ते विकले असते तर तीनशे दीनारांहून अधिक, म्हणजे मजुराच्या जवळजवळ वर्षभराच्या मजुरीइतके पैसे आले असते आणि ते गरिबांना देता आले असते, अशी कुरकुर सुरू होते. त्यावर येशू म्हणतो की गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत आणि तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. आपल्या चर्चेत वाक्याचा पहिला अर्धा भाग आला, दुसरा गळाला. शिवाय येशूच्या बोलण्यामागे नियमशास्त्रातले, म्हणजे जुन्या करारातल्या कायद्यांतले, एक वचन आहे, जे त्याच्या श्रोत्यांना पाठ असणार. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात म्हटले आहे की देशात गरीब असायचेच, म्हणून तू आपला हात सैल सोड, अशी मी तुला आज्ञा करतो. गरिबी संपत नाही ही तिथे हात आखडण्याची सबब नसून हात उघडण्याचे कारण आहे. योहानाचे शुभवर्तमान याच प्रसंगात आणखी एक तपशील देते. गरिबांच्या नावाने तक्रार करणारा पुढे येशूला दगा देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत होता, थैली त्याच्याकडे असे आणि तो तीतले पैसे काढत असे. गरिबांचा कळवळा जाहीरपणे मांडणाऱ्यांनी, म्हणजे माझ्या बाजूच्या मंडळींनीही, हा तपशील नजरेआड करू नये.

‘जो काम करत नाही त्याने खाऊ नये’ हे वचन प्रेषित पौलाच्या, थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले. तिथे बोलणे चालले आहे ते एका छोट्या ख्रिस्ती मंडळीतल्या (स्थानिक चर्चमधल्या) अशा काही जणांविषयी, जे कामधंदा सोडून इतरांच्या कामात लुडबूड करत होते आणि मंडळीवर भार होऊन बसले होते. मूळ वचनात काम करण्याची ‘इच्छा’ नसलेल्याचा उल्लेख आहे. काम न मिळालेल्याला, आजाऱ्याला, म्हाताऱ्याला किंवा राबूनही पोट न भरणाऱ्याला ते लागू होत नाही. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने आपल्या ओळखीच्या माणसांना दिलेली ती तंबी होती.

पुढे या वाक्याने मोठा प्रवास केला. सोव्हिएत संघाच्या 1936 च्या राज्यघटनेच्या बाराव्या कलमात ते जवळजवळ जसेच्या तसे आहे. रशियातल्या क्रांतिकारकांच्या तोंडी ते आधीपासूनच होते, आणि त्यांचा रोख होता स्वतः न राबता मालमत्तेवर जगणाऱ्या धनिकांवर. मे 2013 मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या कृषी समितीत गरिबांच्या अन्नसाहाय्यात कपात करण्यावर वाद झाला, तेव्हा कॅलिफोर्नियाचे हुआन वर्गास यांनी मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाचा आधार घेतला. ‘मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिले’ हा त्यातला भाग. टेनेसीचे स्टीफन फिंचर यांनी उत्तरादाखल पौलाचे हे वचन काढले. स्वतः शेतकरी असलेल्या फिंचर यांनी शेतीसाठीचे सरकारी अनुदान मोठ्या प्रमाणावर घेतलेले होते, हे टीकाकारांनी लगेच दाखवून दिले. अनुदान घेण्यात बेकायदा काही नव्हते. पण सरकारी तिजोरीतला पैसा शेतकऱ्याच्या खात्यात गेला तर ते धोरण आणि भुकेल्याच्या ताटात गेला तर तो आळसाला खतपाणी, हा फरक पौलाने केलेला नाही. जे वाक्य मॉस्कोत धनिकांवर रोखले गेले तेच वॉशिंग्टनमध्ये भुकेल्यांवर रोखले जाते, तेव्हा बोलते कोण, शास्त्र की बोलणाऱ्याचा आधीच ठरलेला निकाल, असा प्रश्न पडतो.

गरीब आळशी असतो हा समज जुना आहे आणि त्याला ख्रिस्ती परंपरेतूनच मिळालेले उत्तरही जुने आहे. मेथडिस्ट या ख्रिस्ती चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली फेब्रुवारी 1753 मध्ये लंडनमधल्या आजारी गरिबांच्या घरी गेले. कोणी जमिनीखालच्या तळघरात राहत होते, कोणी छपराखालच्या माळ्यावर, आणि थंडी, भूक, आजार व वेदना यांनी सगळेच खंगलेले होते. वेस्लींनी रोजनिशीत नोंदवले आहे की खोलीत निदान सरपटता येत होते असा एकही माणूस त्यांना रिकामा बसलेला आढळला नाही. केवळ आळशी म्हणून ते गरीब आहेत, हा आक्षेप त्यांनी त्याच नोंदीत दुष्ट आणि सैतानी असत्य ठरवला आहे. हे लिहिणारा माणूस आळसाची भलामण करणारा नव्हता. भरपूर कमवा, काटकसर करा आणि मग सढळ हाताने द्या, असे तो जन्मभर सांगत आला. श्रमाचा आग्रह आणि गरिबाविषयीचा आदर एकाच माणसात नांदू शकतात, एवढे तरी यावरून मान्य व्हावे.

येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही हा प्रश्न येतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना मळ्याचा धनी चौकात उभ्या असलेल्या माणसांना विचारतो की तुम्ही दिवसभर इथे रिकामे का उभे आहात. ते उत्तर देतात, कारण आम्हाला कोणी कामावर लावले नाही. धनी पुढे उलटतपासणी करत नाही. तो त्यांना कामावर पाठवतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो. सकाळपासून राबलेल्यांना ते खटकते, आणि तासभर राबलेल्यांना आमच्याइतकीच मजुरी का, हे त्यांचे म्हणणे आजच्या कोणत्याही अर्थसंकल्पी भाषणात खपून जाईल इतके ओळखीचे आहे.

पूर्वग्रहाविषयी नव्या करारात सर्वांत रोखठोक लिहिले आहे ते याकोबाने, आणि आपल्या चर्चेत तो एकदाही आला नाही याचे मला नवल वाटते. तो एक साधा प्रसंग रंगवतो. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, झकपक कपड्यांतला माणूस येतो. मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला तुम्ही म्हणता, या, इथे चांगल्या जागी बसा. दुसऱ्याला म्हणता, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांपाशी बस. असे करताना तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झाला आहात, असे याकोब ठणकावतो. कपडे पाहून माणसाची किंमत ठरवणे ही त्याच्या लेखी निव्वळ शिष्टाचारातली चूक नाही, तो त्याला पाप म्हणतो.

असा पूर्वग्रह ख्रिस्ती लोकांच्या वाट्यालाही पहिल्यापासून आला आहे. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या टीकाकाराने, लोकर विंचरणारे, चांभार, धोबी अशा अडाण्यांच्या तोंडून हा धर्म पसरतो, अशी नाके मुरडली होती. पुढे आशियात ‘तांदळासाठी झालेले ख्रिस्ती’ ही शेलकी संज्ञा रूढ झाली. श्रीमंताने श्रद्धा बदलली तर तो आत्मशोध आणि गरिबाने बदलली तर पोटाची सोय, हे गृहीत धरणाऱ्याला गरिबालाही मन असते हे मान्य नसते. ज्यांच्या पूर्वजांनी हा टोमणा ऐकला त्यांनीच पुढे संपन्न होऊन इतर गरिबांकडे त्याच नजरेने पाहावे, हे मला सर्वांत खटकते.

आता दुसऱ्या बाजूविषयी. सुईच्या नाकाचे ते वाक्य सौम्य करण्यासाठी ‘सुईचे नाक’ नावाचा यरुशलेमेत एक अरुंद दरवाजा होता, अशी कथा प्रवचनांतून सांगितली जाते. तिला कसलाही पुरावा नाही. वाक्य कठोर आहे आणि ते कठोरच राहू द्यावे. याकोबही पाचव्या अध्यायात मजुरांची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या धनिकांना सोडत नाही, आणि श्रद्धेचे बक्षीस म्हणून संपत्ती मिळते असे सांगणाऱ्या उपदेशकांना, नीतिमान असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या गोष्टीनंतर तोंड उघडायला जागा उरू नये. पण म्हणून प्रत्येक धनवान ख्रिस्ती ढोंगी ठरत नाही. जक्कय या श्रीमंत जकातदाराने येशूला भेटल्यावर आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे कबूल केले; उरलेली का ठेवलीस, असे त्याला विचारले गेले नाही. येशू व त्याच्या शिष्यांचा खर्च योहान्ना, सूसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पैशांतून चालवत, असे लूक नोंदवतो. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात तर स्पष्ट आज्ञा आहे की न्याय करताना गरिबाची बाजू घेऊ नये आणि थोरांचीही भीड धरू नये. समर्थकांनी हे वचनही चर्चेत आणायला हवे होते.

राहिला प्रश्न मदत सरकारने करावी की मंडळीने. ‘दान ऐच्छिक असते, सक्तीचे नव्हे’ हा विरोधकांचा मुद्दा गंभीर आहे, आणि जमीन विकून आलेल्या पैशाचा काही भाग लपवणाऱ्या हनन्याला जमीन व तिचा पैसा तुझ्याच हाती होता असे सांगणारा येशूचा शिष्य पेत्र त्यांच्या बाजूने साक्षीला येतो. पण नियमशास्त्रात गरिबाचा वाटा केवळ दात्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, सरवा (कापणीनंतर शेतात पडलेले धान्य) गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी ठेवायचा, मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, सातव्या वर्षी कर्ज सोडायचे, असे हे कायदे आहेत. पोप लिओ तेरावे यांच्या 1891 च्या परिपत्रकाने खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मान्य केला आणि त्याच दमात कामगाराला जगण्यापुरते वेतन मिळालेच पाहिजे, दुर्बलांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, असेही बजावले. म्हणजे कर किती असावा, मदत रोख द्यावी की धान्यरूपाने, अटी कोणत्या घालाव्यात, या प्रश्नांची तयार उत्तरे शास्त्रात शोधणे व्यर्थ आहे. ती हिशोबाने आणि अनुभवाने ठरवावी लागतील, आणि तिथे माझ्याशी असहमत असलेला ख्रिस्ती माणूस माझ्याइतकाच श्रद्धावान असू शकतो.

आपल्याला माझी विनंती दोन बाबींपुरती आहे. यापुढे पत्रांत वचन आले तर ते संदर्भासह आणि पूर्ण छापावे. दोन ओळी जास्त जातील, पण निम्मा वाद तिथेच मिटेल. आणि गरिबांच्या आळसाविषयी ज्या पत्रलेखकांना ठाम खात्री आहे, त्यांनी ती कोणाकोणाच्या घरी जाऊन करून घेतली, हेही त्यांना पत्रात लिहायला सांगावे.

आपला नम्र,
एक ख्रिस्ती वाचक